ओढ्यात पाणी मावतं किती? एक मेजरिंग टेप, थोडं गणित आणि आमच्या सोसायटीची भिंत



एरवी मी इथे राउटर, सेन्सर, सोलर इन्व्हर्टर असल्या गोष्टींवर लिहितो. आजचा विषय आहे ओढा. हो, तोच, ज्याच्यावरून जाताना आपण नाक दाबतो. लेखात सेन्सरही येणार आहे, पण शेवटाकडे. आधी टेप हातात घ्यावी लागेल.

माझी सोसायटी पुण्याच्या दक्षिण भागात आहे. टेकडीवरून उतरणारा एक छोटा नाला आमच्या मागून वाहतो आणि पुढे आंबिल ओढ्याला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ची रात्र पुणेकरांना सांगायला नको. कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर ते दांडेकर पूल या पट्ट्यात आंबिल ओढा घराघरांत शिरला. टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. पुणे परिसरात त्या पावसाने वीसहून जास्त जीव घेतले.

आमच्याकडे कोणी दगावलं नाही, पण थोडक्यात वाचलो. पाऊस वाढला तेव्हा आम्ही सगळे गॅलरीतून खाली बघत होतो. नाला फुगला होता, पण आमची सीमाभिंत मजबूत उभी होती आणि पार्किंग जवळजवळ कोरडं होतं. "भिंत आहे म्हणून वाचलो," असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. मग मोठा आवाज झाला आणि तीसेक फूट भिंत एकदम आत पडली. पाच मिनिटांत पाणी कमरेएवढं. तळमजल्यावरच्या काकूंना दोन पोरांनी पलंगावरून अक्षरशः उचलून जिन्यात आणलं. लाइट आधीच गेली होती हे नशीब, नाहीतर मीटररूममध्ये काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही काय केलं? तीच भिंत, त्याच जागी, दोन फूट उंच करून परत बांधली. मीही वर्गणी दिली. ती चूक होती हे कळायला मला अजून दोन पावसाळे लागले.

आधी पाऊस मोजू

१ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. हे एवढं लक्षात ठेवलं की बाकी सगळं शाळेचं गणित आहे. एक चौरस किलोमीटरवर १ मिमी पाऊस पडला तर ते झालं १,००० घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर.

नाल्यात पाणी कुठून कुठून येतं त्या सगळ्या भागाला पाणलोट क्षेत्र म्हणतात. ते शोधायला इंजिनिअर लागत नाही. गूगल अर्थ उघडा, टेकडीची धार शोधा, पाणी कुठल्या बाजूला उतरेल ते बघत एक बहुकोन काढा, क्षेत्रफळ आपोआप मिळतं. फक्त एक काळजी घ्या. शहरात रस्ते आणि पावसाळी गटारं पाण्याला टेकडीच्या उतारापेक्षा वेगळीकडे नेतात. म्हणून एकदा भर पावसात छत्री घेऊन फिरून या. मी फिरलो तेव्हा कळलं की पलीकडच्या गल्लीचं पाणीही आमच्याच नाल्यात येतं, नकाशात ते दिसतच नव्हतं. आमचं क्षेत्र भरलं साधारण १ चौरस किलोमीटर.

आता पडलेलं सगळं पाणी नाल्यात येत नाही. झाडोऱ्याच्या टेकडीवर बरंचसं मुरतं, पहिल्या पावसात वीस-तीस टक्केच वाहून येतं. काँक्रीट, डांबर, पेव्हर ब्लॉक यांच्यावरून नव्वद टक्क्यांपर्यंत येतं. आमच्याकडे टेकडी थोडी आणि इमारती जास्त, म्हणून मी ७० टक्के धरले. तासाला ७५ मिमी वेगाने पाऊस पडला तर:

७५ × १,००० × ०.७ = ५२,५०० घनमीटर एका तासात. भागिले ३,६०० सेकंद = सुमारे १४.६ घनमीटर दर सेकंदाला.

पेपरात 'खडकवासल्यातून इतके क्युसेक विसर्ग' असं वाचतो ना आपण? एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. म्हणजे आमच्या मागच्या नाल्यात ५०० क्युसेकच्या वर! धरण सोडताना भोंगा वाजतो, मेसेज येतात. नाल्याला भोंगा नाही.

आणि हो, 'शहरात आज इतका पाऊस' या बातमीवर नाल्याचा हिशोब करू नका. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिमीसुद्धा नाही. एकच शहर. छोट्या नाल्याला फरक पडतो तो त्याच्या स्वतःच्या टेकडीवर अर्ध्या तासात काय पडलं याने. दिवसभराचा आकडा तिथे फार उपयोगाचा नाही.

आता नाला मोजू

एका रविवारी, मे महिन्यात, मी आणि चौथ्या मजल्यावरचे जोशीकाका गमबूट घालून खाली उतरलो. सोबत टेप, एक बांबू आणि खडू. नाल्याची रुंदी-खोली तीन ठिकाणी मोजली: वरच्या बाजूला मोकळ्या जागी, आमच्या भिंतीपाशी, आणि पुढे रस्त्याखालच्या कल्व्हर्टमध्ये (गावाकडे त्याला मोरी म्हणतात).

वरती नाला ५ मीटर रुंद. आमच्या भिंतीपाशी साडेतीन. कल्व्हर्ट ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच.

पाणी किती जाईल याचं सूत्र सोपं आहे: छेदाचं क्षेत्रफळ गुणिले पाण्याचा वेग. कल्व्हर्टचा छेद ३ × २ = ६ चौरस मीटर. उतार बघता वेग सेकंदाला अडीच मीटर धरला तर ६ × २.५ = १५ घनमीटर. म्हणजे ७५ मिमीच्या पावसाचे १४.६ घनमीटर जेमतेम बसतात. कागदावर सगळं ठीक आहे. ज्याने तो कल्व्हर्ट बांधला त्याने बहुधा असाच हिशोब केला असणार.

पण आम्ही आत बॅटरी मारली. तळाला अर्धा मीटर गाळ, वर राडारोडा. आणि छताच्या लगत एक १२ इंची पाण्याचा पाइप आडवा गेलेला, त्याला प्लास्टिक, कपडे, गाद्यांचा कापूस लोंबत होता. पाइपने वरचे ३० सेंमी खाल्ले, गाळाने खालचे ५०. उरली उंची १.२ मीटर. छेद ३.६ चौरस मीटर. वेग तोच धरला तरी ९ घनमीटर.

उलटं गणित केलं तर ९ घनमीटर म्हणजे तासाला ४६ मिमी पाऊस. ७५चा कल्व्हर्ट ४६चा झाला होता, आणि कुणालाही दिसत नव्हतं, कारण बाहेरून तो तसाच दिसतो.

वेग 'तोच धरला' असं म्हणालो, ती खरं तर सूट दिली. गाळामुळे जागा कमी होते, आणि त्याबरोबर पाणी मंदही होतं. उघड्या, रुंद नाल्यासाठी इंजिनिअर मॅनिंगचं सूत्र वापरतात. त्यातून निघणारी एकच गोष्ट आपल्याला पुरे: प्रवाह हा खोलीच्या ५/३ घाताने बदलतो. २ मीटर खोल नाल्यात अर्धा मीटर गाळ साचला, म्हणजे खोली पाव भागाने गेली, तर प्रवाह पावभाग नाही, ३८ टक्के कमी होतो. त्यात तळाला झुडपं, जलपर्णी असेल तर खडबडीतपणा वाढून आणखी कमी. पहिले काही सेंटिमीटर गाळ निरुपद्रवी वाटतो तो याच भ्रमामुळे.

गाळ टनात मोजून काय कळतं?

दरवर्षी मे महिन्यात बातमी येते, अमुक हजार टन गाळ काढला. वजनाने बिल काढणं सोपं जातं हे मान्य. पण टनावरून पूर येईल की नाही हे अजिबात कळत नाही. साखळीची ताकद जशी सगळ्यात कच्च्या कडीएवढी, तशी नाल्याची क्षमता सगळ्यात अरुंद जागेएवढी. वरच्या मोकळ्या भागातून शंभर ट्रक माती उचलली आणि कल्व्हर्ट तसाच ठेवला, तर आमच्यासाठी नाला ९ घनमीटरचाच राहतो.

आमच्याकडे हेच व्हायचं. पोकलेन मोकळ्या जागी उतरतं, कारण तिथे ते उतरू शकतं. कल्व्हर्टमध्ये मशीन जात नाही, तिथे छोटं यंत्र किंवा माणसं लागतात. म्हणून सोपी जागा खोल खणली जाते. पण कल्व्हर्टच्या तळापेक्षा खोल खणलं की तो नुसता खड्डा होतो. पाणी तिथे थांबतं, मंद होतं आणि पहिल्याच मोठ्या पावसात खड्डा परत गाळाने भरतो. शिवाय काढलेला गाळ काठावरच ठेवला तर तो दोन सरींत पुन्हा आत. हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आम्ही एक स्वस्त उपाय केला. कल्व्हर्टच्या तोंडाशी भिंतीवर ऑइल पेंटने पट्टी रंगवली, मूळ तळापासून दर १० सेंमीला खूण आणि आकडा. तळ सापडायला लोखंडी सळई खुपसून बघावं लागलं. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोटो काढतो. फोटोत आकडा दिसतो, त्यावर वाद होत नाही. संबंधित कार्यालयाला 'नाला साफ करा' असा अर्ज करणं आणि 'कल्व्हर्टमध्ये ५० सेंमी गाळ आहे, फोटो सोबत' असा अर्ज करणं, यात मला तरी फरक जाणवला. दुसऱ्या अर्जानंतर तीन आठवड्यांत चार माणसं फावडी घेऊन आली. पाइपबद्दल मात्र अजून उत्तर नाही.

आणि आपली भिंत?

आता अवघड भाग. पाइपला नावं ठेवून झाल्यावर जोशीकाका म्हणाले, "साडेतीन मीटरचं काय?"

वर ५ मीटर असलेला नाला आमच्या भिंतीपाशी साडेतीनचा होतो. जुने फोटो, आर्किटेक्टचा नकाशा काढला. भिंत नाल्याच्या काठावर नाही, काठ ओलांडून दीड मीटर आत होती. त्या दीड मीटरमध्ये आमची चार पार्किंग होती, त्यातलं एक माझं.

कल्व्हर्ट तर याहून अरुंद आहे, मग भिंतीने काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. कल्व्हर्ट तुंबतो तेव्हा त्याच्यामागे पाणी साठून वर चढतं. त्या वेळी काठाची मोकळी जागा पाण्याला पसरायला लागते. आम्ही ती भिंत घालून बंद केली होती. मग पाणी जाणार कुठे? एक तर समोरच्या काठावर, तिथे पत्र्याची घरं आहेत, भिंत नाही. २०१९ला त्यांच्याकडे आमच्या आधी पाणी शिरलं होतं, हे आम्हाला तेव्हा लक्षातही आलं नाही. नाहीतर पाणी भिंतीवर चढत जाणार आणि भिंत पडणार.

भिंत का पडली तेही मोजता येतं. साठलेल्या पाण्याचा दाब खोलीच्या वर्गाने वाढतो. भिंतीबाहेर १ मीटर पाणी असेल तर दर एक मीटर लांबीवर सुमारे अर्ध्या टनाचा जोर येतो. दीड मीटर असेल तर १.१ टन, २ मीटर असेल तर जवळजवळ २ टन. वीट-सिमेंटची सीमाभिंत चोर आणि कुत्री थांबवायला बांधतात, तिचं डिझाइन धरणासारखं नसतं. त्यात आम्ही ती दोन फूट उंच केली! म्हणजे पुढच्या वेळी ती जास्त पाणी अडवून, जास्त जोरात पडली असती. हळूहळू चढणाऱ्या पाण्यात माणूस वर जाऊ शकतो. भिंत फुटून आलेल्या पाण्यात तो वेळ मिळत नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे मांडलं तेव्हा काय झालं असेल याचा अंदाज तुम्हाला असेलच. चार पार्किंग म्हणजे पुण्यात काय किंमत! एकजण म्हणाले, "असा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो." इथे थोडं थांबून एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे नद्यांना निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. याचा अर्थ एकदा येऊन गेला की २५ वर्षं सुट्टी, असा नाही. दरवर्षी ४ टक्के शक्यता, असा आहे, आणि फासा दरवर्षी नव्याने पडतो. २० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात २५ वर्षांचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता ५६ टक्के निघते. शंभर वर्षांच्या पुराचीसुद्धा १८ टक्के. (कॅल्क्युलेटरवर ०.९६चा विसावा घात काढा आणि १मधून वजा करा.) शिवाय हे आकडे जुन्या पावसावर आणि जुन्या शहरावर काढलेले असतात. टेकडीवर इमारती झाल्या की तेवढ्याच पावसात जास्त पाणी येतं.

दुसरा मुद्दा आला, ओढे काय, पुण्यात पूर्वीपासून वळवलेत. खरं आहे. पेशवाईत आंबिल ओढ्याचा शहरातून जाणारा प्रवाह वळवला गेला, पर्वतीच्या पायथ्याशी त्याच ओढ्यावर तळं झालं. सारसबाग आज त्या तळ्याच्या जागेवर आहे, म्हणून तिथला गणपती अजूनही 'तळ्यातला गणपती'. पण तिथे पाण्याला दुसरी वाट आणि थांबायला तळं दिलं होतं. आम्ही दोन्ही दिलं नव्हतं, फक्त जागा घेतली होती.

तीन मीटिंग लागल्या. शेवटी ठरावाच्या बाजूने काकू बोलल्या. त्या एरवी मीटिंगला येतही नाहीत. म्हणाल्या, "माझ्याकडे गाडी नाही, पण पलंग आहे." ठराव झाला. भिंत दीड मीटर मागे घेतली, खाली काँक्रीटचा फूटभर कट्टा, वर लोखंडी जाळी. माझी गाडी आता रस्त्यावर उभी असते.

सात मिनिटांचा सेन्सर

भिंत मागे घेतली तरी पाइप आहेच, त्यामुळे पूर्वसूचना हवी होती. नाल्याच्या वरच्या बाजूला, साधारण एक किलोमीटरवर, एक पादचारी पूल आहे. तिथल्या दुकानदाराची परवानगी घेऊन पुलाखाली एक वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर उलटा टांगला. तो आवाजाची लहर खाली सोडतो, पाण्यावरून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. सोबत ईएसपी३२ बोर्ड, लोरा रेडिओ (भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला लायसन्स लागत नाही), छोटं सोलर पॅनेल.

काही गोष्टी चुकून शिकलो. आवाजाचा वेग तापमानावर अवलंबून असतो. २० आणि ३० अंशांत पावणेदोन टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, चार मीटरला ७ सेंमी. म्हणून तापमानाचा सेन्सर जोडा. एकाच रीडिंगवर विश्वास ठेवू नका. मुसळधार सरीत मधूनच भलताच आकडा येतो, म्हणून सात रीडिंग घेऊन मधलं घ्यायचं. कोळी हा मोठा शत्रू, दोन महिन्यांनी जाळं करतोच. आणि पहिला डबा पंधरा दिवसांत चोरीला गेला. दुसऱ्यावर 'पाणी मोजण्याचे यंत्र, कॅमेरा नाही' असं लिहिलं, तो अजून आहे.

अलार्म नुसत्या उंचीवर लावला तर उशीर होतो. मी वाढीच्या वेगावर लावला: दहा मिनिटांत ३० सेंमी चढलं की वॉचमनच्या केबिनमध्ये भोंगा. सेकंदाला अडीच मीटर वेगाने एक किलोमीटर यायला पाण्याला ४०० सेकंद लागतात, म्हणजे सात मिनिटंसुद्धा पूर्ण नाहीत. आणखी वेळ हवा म्हणून यंदा टेकडीवरच्या एका गच्चीत पर्जन्यमापक बसवला, तो वीसेक मिनिटं देईल असा हिशोब आहे.

सात मिनिटांत काय करायचं हे कागदावर लिहून जिन्यात लावलंय. तळमजल्यावरची माणसं वर. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद. मीटररूममध्ये पाणी यायच्या आधी मेन स्विच खाली, पाणी आलं असेल तर तिकडे जायचं नाही. गाडी काढायला कोणीही उतरायचं नाही, वाहतं पाणी फूटभर झालं की छोटी कार तरंगायला लागते. समोरच्या वस्तीतल्या दोघांचे नंबर त्याच कागदावर आहेत, त्यांना फोन सगळ्यात आधी, कारण त्यांचा काठ खाली आहे.

भोंगा आतापर्यंत तीनदा वाजला. एकदा कोळ्यामुळे. दोनदा खरा. दुसऱ्या वेळी रात्री पावणेदोन वाजता पाणी जाळीतून पार्किंगमध्ये घोट्याएवढं आलं आणि तासाभरात उतरलं. काकू तेव्हा आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर होत्या, थर्मास बरोबर घेऊनच आल्या होत्या. सकाळी जाऊन पट्टी बघितली तर कल्व्हर्टमध्ये एका रात्रीत १५ सेंमी नवा गाळ. फोटो काढला, अर्ज पाठवला.